ओमाची पाठवणी

मी पोचायची तेव्हा वाईट बातमी आधीच पोचलेली असायची. माझ्या कामाचा हा एक फायदाच म्हणायचा. डॉक्टरला निदान सांगावं लागतं, वकिलाला निकाल सांगावा लागतो. मला तसलं काही सांगावं लागत नसे. कारखाना बंद होणार, यंत्रं परदेशी जाणार, हे साहेब लोकांनी कॅन्टीनमध्ये माइकवरून सांगून टाकलेलं असे. पुढच्या आठवड्यात त्याच कॅन्टीनच्या कोपऱ्यात दोन टेबलं, चार खुर्च्या, कॉफीचं यंत्र आणि टिश्यूपेपरचा खोका मांडून आम्ही बसायचो.

माझ्या सासूबाई सोलापूरला शेजारणींना सांगायच्या, "आमची सून तिकडे लोकांना कामावरून काढते." काढणारे दुसरे असतात, मी काढलेल्यांना पुढचं काम शोधायला मदत करते, हे मी फोनवर कितीदा समजावलं. त्या म्हणायच्या, "तेच गं ते." शेवटी मी नाद सोडला.

तर हे काम काय, ते आधी सांगते. नेदरलँड्समध्ये मालक कारखाना उचलून दुसऱ्या देशात नेऊ शकतो, पण माणसांना नुसतं गेटाबाहेर काढून मोकळा होऊ शकत नाही. युनियन, मालक आणि सरकारी कामगार कार्यालय एकत्र बसून या माणसांचं पुढे काय करायचं ते ठरवतात. परदेशी व्यापारापायी एकदम खूप माणसांचं काम गेलं, तर त्यासाठी युरोपचाही एक निधी आहे. हा निधी कारखाना वाचवत नाही, की कामगाराच्या खिशात पैसे ठेवत नाही. तो त्याच्या शिक्षणाचा खर्च उचलतो, नव्या कामाची वाट दाखवतो, आणि वाट दाखवायला माझ्यासारखी एखादी बाई नेमतो. या सगळ्याला मुदत असते. मुदतीत काम मिळालं तर उत्तम. नाही तर माणूस बेकारभत्त्यावर जातो, आणि साठीकडे झुकलेला माणूस एकदा तिथे गेला की सहसा परत कामावर येत नाही. माझी सगळी धावपळ असायची ती या मुदतीशी.

नवऱ्याच्या नोकरीमागे मी पिंपरीहून आइंडहोवनला आले. पिंपरीत मी एका कारखान्याच्या पर्सोनेल खात्यात होते, त्यामुळे कामगार म्हटलं की मला माझ्या माणसांत आल्यासारखं वाटायचं. डच भाषा शिकले ती मात्र इथल्या ब्राबांटच्या लोकांकडून, म्हणजे शब्दांची शेपटं खाऊन टाकणारी. अ‍ॅमस्टरडॅमचे लोक माझं बोलणं ऐकून अजून हसतात.

माणसं नाना तऱ्हेची यायची. एक बाई आयुष्यभर पॅकिंगला होत्या. "मला काहीच येत नाही" एवढंच म्हणायच्या. त्यांच्याकडून मी त्यांचा सगळा दिवस वदवून घेतला, तेव्हा कळलं की पॅकिंगच्या सगळ्या मुलींच्या कामाच्या पाळ्या, भांडणं आणि बाळंतपणं त्याच सांभाळत होत्या. आता त्या एका वृद्धाश्रमाचं स्वयंपाकघर चालवतात. एकदा आपला पुण्याचा एक मुलगा आला, सॉफ्टवेअरमधला. त्याच्या कंपनीने त्याचं काम हिंजवडीला हलवलं होतं. मला म्हणाला, "काकू, माझी नोकरी माझ्याआधी घरी पोचली." त्याचा राहण्याचा परवाना नोकरीला बांधलेला, दुसरी मिळाली नसती तर त्याला गाशा गुंडाळावा लागला असता. अगदी मुदत सरता सरता त्याला डेल्फ्टला काम मिळालं, आणि पेढे म्हणून तो माझ्या टेबलावर सुपरमार्केटातली बिस्किटं ठेवून गेला. जे यायचेच बंद झाले, फोनही उचलेनासे झाले, अशांचीही नावं माझ्या डोक्यात आहेत. ती इथे लिहीत नाही. पण आहेत.

ज्याची गोष्ट सांगायला मी बसले आहे, त्याचं नाव तोन. इथे साहेबालाही नावाने हाक मारतात, म्हणून मीही तोनच म्हणते. तसा तो माझ्यापेक्षा थोडासा लहानच.

महासाथ सुरू झाली त्या वर्षी आमच्या जवळच्या एका गावातला कारखाना बंद होत होता. पाण्याच्या पंपांचे दांडे तिथे बनायचे. त्या दांड्यांना शेवटचं घासकाम करणारं एक जुनं, अवाढव्य ग्राइंडिंग मशीन होतं. कामगार त्याला ओमा म्हणायचे. ओमा म्हणजे आजी. तोन मिसरूड फुटायच्या वयापासून ओमावर होता. ओमाला पेट्यांत बांधून जहाजाने भारतात न्यायचं ठरलं होतं, आणि भारतात म्हणजे कुठे, तर चाकणला. माझ्या माहेरापासून फार लांब नाही.

हे मी कोणाला सांगितलं नव्हतं, पण आमचे लोक जगात कुठेही गेले तरी गावाचं नाव तोंडातून निसटतंच. पहिल्याच भेटीत तोनने मला गाव विचारलं आणि मी सांगून बसले. तो दीड मीटरवरच्या खुर्चीत होता. डच माणूस मनातलं पोटात ठेवत नाही. तो म्हणाला, "म्हणजे काम तुझ्या गावाला चाललंय, आणि माझी समजूत घालायला तुला बसवलंय. तू नक्की कोणाची?"

मला राग आला. पण तो काही खोटं बोलत नव्हता. मी म्हटलं, "माझे वडील पिंपरीत लेथवर होते. त्यांचा कारखाना बंद पडला, तेव्हा आमच्या दारात कोणी टेबल-खुर्ची घेऊन आलं नाही. म्हणून मी इथे बसते."

तोन उठला. मला वाटलं, गेला. तो कॉफीच्या यंत्रापाशी गेला, दोन कप भरले, एक जमिनीवरच्या चिकटपट्टीच्या खुणेवर ठेवला आणि मागे सरकला. मी पुढे होऊन कप उचलला. महासाथीत अशीच दोस्ती व्हायची.

पुढे कॅन्टीनमध्ये बसायलाही बंदी आली, तेव्हा आमच्या वरिष्ठांनी फर्मान काढलं की माणसांना बाहेर चालता चालता भेटा. मी चांगले जाड तळव्यांचे बूट घेतले आणि तोनबरोबर कालव्याकाठची वाट धरली. समोरासमोर बसलेला पुरुष, डच असो की देशावरचा, घुम्यासारखा बसतो. तोच शेजारून चालायला लागला, नजर पाण्यावर असली, की आपोआप मोकळा होतो. त्या वर्षी माझी निम्मी कामं त्या वाटेवर झाली. बुटांचे तळवे दोनदा बदलावे लागले.

तोनला मी एक काम शोधलं होतं. जवळच्या तांत्रिक शाळेला वर्कशॉपमध्ये मुलांना मशीन शिकवणारा माणूस हवा होता. पगार बेताचा, पण पेन्शनपर्यंतचं काम. त्या शाळेच्या मुख्याध्यापिका इंग्रिड यांना तोनचं शिकवणं एकदा प्रत्यक्ष बघायचं होतं. शरदातल्या सुट्टीनंतर त्या ती जागा दुसऱ्या कोणाला देणार होत्या, आणि वर्षअखेर आमचीही मुदत संपत होती. तोनच्या वयाला असं काम पुन्हा चालून येणार नव्हतं. मी हे त्याला दहा वेगवेगळ्या तऱ्हांनी सांगितलं. तो अर्ज करत नव्हता.

का, ते त्याच्या बायकोने, मीकेने, मला सांगितलं. ती एकदा आमच्याबरोबर चालायला आली होती. इथे माणूस नोकरी सोडतो तेव्हा निरोप समारंभ असतो. कॅन्टीनमध्ये सगळे जमतात, कोणीतरी वेडंवाकडं भाषण करतं, जर्दाळूचा फ्लाय कापतात (फ्लाय म्हणजे इकडचा फळांचा गोल, पातळ केक), आणि आलेला प्रत्येक जण हस्तांदोलन करून जातो. तोनच्या हिशेबात त्याचा निरोप म्हणजे त्याच्या सगळ्या आयुष्याची पावती होती. तो झालाच नाही. जमायला बंदी होती. कुरिअरवाल्याने दारात कारखान्याकडून आलेला निरोपाच्या भेटीचा एक खोका ठेवला, बेल वाजवली आणि तो पळाला. खोका तसाच बंद, घरातल्या बोळात पडून होता. तोन रोज त्याला ओलांडून जात होता.

"त्याचं अजून संपलंच नाहीये," मीके म्हणाली. "मग दुसरं सुरू कसं करणार?"

तेव्हा मला कळलं की आपण इतके दिवस चुकीच्या दारावर धडका मारतोय.

मग एक गंमत झाली. चाकणचे लोक शिकायला इकडे येणार होते आणि तोन ओमाला बसवायला तिकडे जाणार होता, असं मूळ ठरलेलं. विमानंच बंद. तेव्हा ओमाच्या पेट्या चाकणला उघडून कॅमेऱ्यावरून शिकवायचं ठरलं. तोनला इंग्रजीचा गंध नाही आणि तिकडच्या ऑपरेटरचं इंग्रजी कामापुरतं. कारखान्याचा मॅनेजर मला विचारायला आला: तू दुभाषी होशील का? हे काही माझं काम नव्हतं. पण तोन पटकन म्हणाला, "ओमाला नीट बसवून देतो. मग बघू." त्याच्या तोंडून 'मग' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला, म्हणून हो म्हणून टाकलं.

बंदी जरा सैल झाली होती, तेव्हा कॅन्टीनच्या खिडक्या सताड उघडून, स्वेटर घालून आम्ही पडद्यासमोर बसायचो. पलीकडे दत्ता नावाचा तिशीतला ऑपरेटर, खेडच्या बाजूचा, आणि त्याच्या मागे चार-पाच जण. एका टोकाला ब्राबांटची बोली, दुसऱ्या टोकाला आमची मराठी, आणि मध्ये मी. दुसऱ्याच दिवशी तोनने मला पकडलं. मी एक वाक्य बोललो, तू पाच बोललीस, बाकीची चार कुठून आली, असं त्याचं म्हणणं. तो म्हणाला होता, "हे वाईट झालंय." मी दत्ताला म्हटलं होतं, "सर म्हणतायत प्रयत्न छान आहे, घाई करू नका, परत एकदा बघता का?" मी तोनला सांगितलं, आमच्याकडे एकदम असं बोलत नाहीत, आधी माणसाची विचारपूस करतात. त्यावर त्याने विचार केला. दुसऱ्या दिवशी पडदा लागल्या लागल्या त्याने माझ्याकडून पाठ केलेलं मराठी म्हटलं, "दत्ता, जेवलास का?" आणि लगेच डचमध्ये, "कालचं वाईट झालं होतं." मागचे पोरगे फिदीफिदी हसले. दत्ताही हसला, आणि त्या दिवसापासून मी एका वाक्याचं एकच वाक्य करायला लागले.

आणखी एक अडचण होती. तोन विचारायचा, समजलं का? तिकडून पाचही जण म्हणायचे, हो सर. तोन खूश. आणि मग दांडे वाकडे. मी त्याला चालता चालता समजावलं की आमच्याकडे 'समजलं का' या प्रश्नाला एकच उत्तर असतं. मोठ्या माणसाला नाही म्हणायचं नसतं. "मग काय विचारू?" त्याने विचारलं. मी म्हटलं, विचारू नकोस, करून दाखव म्हण. तेव्हापासून तो 'दाखव' म्हणायचा. तोही शब्द तो मराठीतच म्हणायचा. दत्ता दाखवायचा, चुकला की तोन थांबवायचा, का चुकलं ते दत्ताकडूनच काढून घ्यायचा आणि पुन्हा म्हणायचा, "दाखव." मी बघत राहायची. मी शाळेसाठी जो मास्तर शोधत होते तो माझ्या शेजारीच बसलेला होता.

मध्ये दत्ता आजारी पडला. तेव्हा पुण्याकडे साथ फार जोरात होती. तोन रोज आधी दत्ताचं विचारायचा, मग ओमाचं. मीकेने इथल्या पद्धतीप्रमाणे 'लवकर बरा हो' असं फुलाफुलांचं कार्ड पोस्टाने पाठवलं. ते चाकणला पोचलं ते दत्ता ठणठणीत होऊन कामावर आल्यावर. त्याने ते ओमाच्या खांबाला चिकटवलं.

आता माझ्या डोक्यात आलं की इंग्रिडबाईंना हाच वर्ग दाखवावा. वेगळा धडा कशाला? त्या घरबसल्या पडद्यावर हजर राहतील, तोनला शिकवताना बघतील, आणि निर्णय घेतील. तोनला विचारलं तेव्हा तो कालव्यातल्या बदकांकडे बघत म्हणाला, "बघू देत. मी काही वेगळं करणार नाही." एवढं पुरेसं होतं.

नेदरलँड्समध्ये मावशीकडे चहाला जायचं तरी आठवड्याआठवड्यांपूर्वी डायरीत लिहावं लागतं. इंग्रिडबाईंच्या डायरीत सुट्टी संपण्यापूर्वी एकच सकाळ मोकळी होती. मी ती पकडली. दत्ताला कळवलं, तो म्हणाला, "हो ताई." आता बघा. तोनला मीच शिकवलं होतं की आमच्या माणसाच्या 'हो'वर विसंबू नकोस, आणि मी स्वतः निश्चिंत झाले.

त्या सकाळी तोन इस्त्रीचा शर्ट घालून आला. मीकेने त्याच्याबरोबर जर्दाळूचा फ्लाय पाठवला होता. परीक्षेला जाताना रिकाम्या हाताने जाऊ नये, असं तिचं म्हणणं. पडद्याच्या एका चौकोनात इंग्रिडबाई आल्या, चष्मा पुसत. मग दुसरा चौकोन उघडला.

ओमा झेंडूच्या माळांनी मढलेली होती. दत्ताच्या अंगात नवा शर्ट, कपाळावर टिळा. मागे उदबत्तीचा धूर. मशीन बंद.

"ताई, आज खंडेनवमी ना," दत्ता म्हणाला. "आज मशीन कसं चालवणार?"

लहानपणी या दिवशी वडील आम्हाला कारखान्यात घेऊन जायचे. त्यांच्या लेथला घातलेली माळ, तेलाच्या वासात मिसळलेला उदबत्तीचा वास, आणि बाबांचे हात त्या दिवशी तरी स्वच्छ. आणि मी डायरीत मोकळी सकाळ शोधत बसले होते. इतकी वर्षं इथे राहून माझं पंचांग पार पुसलं गेलं होतं. त्यात ओमाच्या पॅनलवर कुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक. नाझींच्या हातात त्या चिन्हाने या देशाला काय दिवस दाखवलेत ते आठवून मी दत्ताला कॅमेरा जरा डावीकडे घ्यायला सांगितलं. का, ते त्याला नंतर फोन करून समजावलं.

इंग्रिडबाईंना मी घाईघाईने सांगितलं की आज हत्यारांची पूजा आहे, वर्षभर राबणाऱ्या यंत्राला आज विश्रांती देतात, चूक माझी आहे, आपण दुसरा दिवस ठरवू. त्यांनी डायरी उघडली. मला माहीत होतं तिच्यात दुसरा दिवस नव्हता. तोन नुसता माळांकडे बघत होता.

तेवढ्यात तिकडे सुपरवायझरने नारळ उचलला. ओमाच्या पलंगावर, म्हणजे ज्या घासून आरसा केलेल्या पट्ट्यांवर मशीन सरकतं, त्यांच्या बरोबर वर हात नेला आणि कडेला आपटला. नारळ फुटला. पाणी पट्ट्यांवर सांडलं.

तोन ओरडत उठला. खुर्ची मागे पडली. त्याचं भाषांतर करायची गरज नव्हती. चाकणला सगळे जागच्या जागी थिजले. इंग्रिडबाईंनी चष्मा वर सारला. मी मनात म्हटलं, संपलं.

तोनने माझ्याकडे बघितलं, मग पडद्याकडे. खुर्ची उचलली, बसला, आणि आवाज एकदम खाली आणला. सुकं फडकं घे, तो म्हणाला. नाही, ते नको, त्याला धागे आहेत. हं, ते. आता पुस, आडवं नाही, पट्टीच्या लांबीने. दत्ता पुसू लागला. तोन विचारत होता: पाणी कुठे जाऊन बसेल? दत्ताने वाकून कडेची खाच दाखवली. तिथे कसं पोचशील? दत्ताने फडक्याची वात केली. गंज किती वेळात चढेल? आता तेल, किती, ते तू सांग. का तेवढंच? "दाखव." माळा बाजूला धरून पाचही जण, आणि पूजेला आलेले दुसऱ्या खात्यातले आणखी कितीतरी, ओमाभोवती वाकून बघत होते. सुपरवायझरही फडकं घेऊन बसला. बंद मशीनवर तोनने त्या दिवशी जेवढं शिकवलं, तेवढं मी चालू मशीनवर ऐकलं नव्हतं. इंग्रिडबाईंनी डायरी केव्हा मिटली ते माझ्या लक्षातच आलं नाही.

सगळं पुसून, तेल लावून झालं तेव्हा दत्ता कॅमेऱ्यापाशी आला. "ताई, एक विचारा सरांना. पूजा घरातल्या मोठ्या माणसाच्या हातून करतात. मशीन त्यांचं आहे. ते सांगतील तसं आम्ही करतो. त्यांच्या नावाने."

मी ते तोनला सांगितलं. एका वाक्याचं एकच वाक्य. त्याने विचारलं, मी काय करायचं असतं? मी म्हटलं, तिला जे सांगायचं राहिलंय ते सांग.

तो उभा राहिला. दत्ताने कॅमेरा ओमाच्या जवळ नेला. तोन ब्राबांटच्या बोलीत, घरच्या माणसाशी बोलावं तसं बोलला. "ओमा, तू मला कधी दगा दिला नाहीस. मी एक-दोनदा दिला, ते तुला माहीत आहे. ही पोरं चांगली आहेत. यांचं ऐक." मग त्याने खिसे चाचपले. मी टिश्यूपेपरचा खोका खुणेवर ठेवला आणि मागे सरकले. मलाही त्यातले दोन लागले.

दत्ताने तोनच्या नावाने ओमाला फूल वाहिलं. तिकडे पेढे वाटले, इकडे मी फ्लाय कापला, आणि इंग्रिडबाई त्यांच्या घरी उठून एक बिस्कीट घेऊन आल्या, कारण सगळे खात असताना आपण नुसतं बसायचं हे इथेही बरं दिसत नाही. निघताना तोन म्हणाला, "हाउडू." ब्राबांटमध्ये निरोप घेताना असंच म्हणतात. मी दत्ताला म्हटलं, "सर येतो म्हणतायत."

"या सर," दत्ता म्हणाला.

दुसऱ्या दिवशी इंग्रिडबाईंचा फोन आला. त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या. एक, तोन हिवाळ्याच्या सुट्टीनंतर येऊ शकेल का? आणि दोन, तो नेहमी असा ओरडतो का? मी म्हटलं, फक्त पाणी सांडलं तर. संध्याकाळी मीकेने कळवलं की त्याने बोळातला खोका उघडला. आतलं चॉकलेट पांढरं पडलं होतं, तरी दोघांनी खाल्लं.

पुढच्या वसंतात मी निवृत्त झाले. तेव्हाही जमायला बंदीच होती. माझा निरोप समारंभ पडद्यावर झाला. सहकारी आपापल्या चौकोनात हसत होते, कोणाचा तरी आवाज येत नव्हता, कोणाचं तरी मांजर मध्ये येत होतं. चांगलं बोलले सगळे. मग एकेक चौकोन विझला आणि मी स्वयंपाकघरात एकटी लॅपटॉपसमोर बसून राहिले. इतकी वर्षं लोकांना सांगत आले होते की शेवट नीट व्हावा लागतो. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, हे तेव्हा मला कळलं. नवऱ्याने चहा केला.

शरदात तोनचा फोन आला. ते फुलांचं यंदा कधी आहे, असं त्याने विचारलं. मी या वेळी पंचांग बघून ठेवलं होतं. त्याने मला शाळेत बोलावलं.

वर्कशॉपमध्ये सतरा-अठरा वर्षांची उंचच उंच मुलं मशीनं पुसत होती. लांबीने, आडवी नाही. तोनने रोपवाटिकेतून झेंडूच्या कुंड्या आणल्या होत्या. तो प्रत्येक मशीनपाशी जाऊन एक फूल ठेवत होता आणि त्या मशीनवरच्या मुलाला ते कशासाठी ते थोडक्यात सांगत होता. नारळही होता. तो त्याने सायकलींच्या स्टँडपाशी, बाहेर, दगडावर फोडला, आणि मुलांना ओळीने खोबरं दिलं. मीकेने फ्लाय आणला होता. तो एका बाकावर तसाच, न कापलेला होता.

तोन एक फूल हातात घेऊन माझ्यापाशी आला. "तुझं हत्यार कुठे आहे?" त्याने विचारलं.

मी हसले. म्हटलं, माझं कसलं हत्यार? दोन टेबलं आणि कॉफीचं यंत्र, तीही ऑफिसची. माझ्या धंद्याला हत्यार नसतं.

त्याने मला नीट न्याहाळलं. मग त्याची नजर खाली गेली. माझ्या पायांत तेच बूट होते, कालव्याकाठचे. तो हळूच गुडघ्यावर बसला, दोन बोटांनी बुटावरची धूळ झटकली, आणि ते फूल माझ्या बुटावर ठेवलं.

अरे, पायताणावर फूल वाहत नाहीत, असं सांगायला मी तोंड उघडलं. पाय मागे घ्यायला उचललाही. मग तो तसाच टेकवला, आणि मीकेचा फ्लाय कापून सगळ्यांना वाटून होईपर्यंत मी जागची हलले नाही.